दिनू लिपात्तीचे दप्तर

दिनू हे नाव कानी पडताच आपल्याकडील एखाद्या दिनकराची वा दीनानाथाची आठवण व्हावी. परंतु ज्या दिनूविषयी आम्ही येथे लिहिणार आहो तो रूमानियातील बुखारेस्ट शहराचा. त्या देशात कॉन्स्टान्टिन ह्या भारदस्त नावाचे घरगुती रूप दिनू असे होते, आणि कॉन्स्टान्टिन लिपात्ती हा पियानोवादक साऱ्या जगाला ह्या घरगुती नावानेच परिचित झाला. १९१७ साली तो जन्मला आणि २ डिसेंबर १९५० रोजी, वयाच्या ३३ व्या वर्षी, जिनिव्हा येथे मरण पावला. ज्या ध्वनिमुद्रिकांमुळे त्याचे नाव आजही आदराने घेतले जाते त्यांपैकी बहुतेक १९४७ ते १९५० ह्या चार वर्षांतील आहेत. दीर्घायुषी वादकांनी मागे ठेवलेल्या संचांशी तुलना केली तर हे भांडवल अगदी बेताचे. सुटीच्या दिवशी सकाळी ऐकावयास बसलेला मनुष्य रात्रीपर्यंत त्यातील सर्व महत्त्वाचे ऐकून मोकळा होईल.

अल्पायुषी कलावंताभोवती आख्यायिका फार लवकर जमा होतात. लिपात्तीच्या बाबतीत तसेच झाले. मृत्यूच्या छायेत वाजविणारा, ऐहिकाचा स्पर्श नसलेला, एकेका रचनेवर वर्षानुवर्षे तप करणारा असा एक संतच त्याच्या चाहत्यांनी उभा केला. हे चित्र खोटे आहे असे नाही; पण ते बखरीतले चित्र आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी मराठी वाचकाला एक शिस्त लावून दिली : बखर रसाळ असली तरी निर्णय करावयाचा तो समकालीन अस्सल कागदावरून. वादकाच्या बाबतीत त्याची ध्वनिमुद्रिका हाच अस्सल कागद होय. ग्रामोफोनच्या तबकडीला आणि कचेरीतील जपून ठेवलेल्या कागदाला आपण एकाच शब्दाने, रेकॉर्ड म्हणूनच, ओळखतो, हा योगायोग आमच्यासारख्या कारकुनाला तरी अर्थशून्य वाटत नाही. दप्तर वाचण्याची एक रीत असते. तारीख पाहावी, सही पाहावी, कोणते पान गहाळ आहे ते पाहावे, आणि गहाळ पानावर काहीच लिहिलेले नसणार असे मात्र कधी समजू नये. ह्याच रीतीने लिपात्तीचे लहानसे दप्तर उलगडून पाहावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

लिपात्तीचे घराणे संगीताचे. वडील व्हायोलिन वाजवीत, आई पियानो. रूमानियाचा सर्वश्रेष्ठ संगीतकार जॉर्ज एनेस्कू हा त्याचा धर्मपिता. मुलाचा बाप्तिस्मा प्रथेप्रमाणे जन्मानंतर लगेच न करता तो पियानो वाजविण्याइतका मोठा होईपर्यंत लांबविण्यात आला, आणि त्या समारंभात बालकाने मोत्सार्टची एक लहानशी नृत्यरचना स्वतःच वाजविली. पुढे बुखारेस्टच्या संगीतविद्यालयात फ्लोरिका मुझिचेस्कू ह्या करड्या शिस्तीच्या बाईंकडे त्याचे शिक्षण झाले, आणि मिहाइल झोरा ह्यांनी त्यास रचनाशास्त्र शिकविले. लिपात्ती स्वतःही रचनाकार होता ही गोष्ट आज बहुतेक विसरली गेली आहे. स्वरलिपीकडे तो रचनाकाराच्या डोळ्यांनी पाही. त्याच्या वादनात कोठलाही स्वर केवळ शोभेसाठी आल्यासारखा वाटत नाही, ह्याचे एक कारण येथे सापडते.

वयाची विशी गाठण्यापूर्वीच व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तो उतरला व दुसरा आला. परीक्षकांत आल्फ्रेड कोर्तो हा त्या काळचा थोर फ्रेंच पियानोवादक होता. पहिला क्रमांक ह्या मुलाचाच, असे त्याचे मत. ते मानले गेले नाही तेव्हा त्याने परीक्षकपदाचा राजीनामा दिला. पुढे कोर्तोच्याच पॅरिस येथील एकोल नोर्माल ह्या संस्थेत लिपात्ती दाखल झाला. तेथे कोर्तोखेरीज रचनेसाठी पॉल द्यूका, वाद्यवृंदाच्या संचालनासाठी शार्ल म्यूंश आणि एकंदर संगीतविचारासाठी नादिया बूलांझे असे गुरू त्यास लाभले. बूलांझेबाईंच्या जोडीने एकाच पियानोवर वाजविलेले ब्राम्सचे काही वॉल्ट्झ १९३७ साली मुद्रित झाले. दप्तरातील अगदी आरंभीच्या कागदांपैकी हा एक.

१९३५ च्या मे महिन्यात एकोल नोर्मालमध्ये त्याची मैफल ठरली होती. तीन दिवस आधी, १७ मे रोजी, द्यूका वारले. गुरूच्या स्मरणार्थ लिपात्तीने कार्यक्रमाचा आरंभ बाखच्या एका स्तोत्राने केला. मूळ रचना गायकवृंदासाठी. मायरा हेस ह्या इंग्रज पियानोवादिकेने ती पियानोवर उतरविलेली. शांत, एकसारख्या वाहणाऱ्या स्वरांवरून स्तोत्राची चाल संथपणे पुढे जाते, इतकीच तिची घडण. ही रचना वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

महायुद्ध सुरू झाले तेव्हा लिपात्ती बुखारेस्टला परतला होता. रूमानिया जर्मनीच्या गोटात सामील झाला, आणि ह्या काळात लिपात्तीच्या मैफली त्याच गोटातील देशांत होत राहिल्या. १९४३ साली त्याने आपली स्वतःची एक रचना बर्लिन येथे तेथील वाद्यवृंदासह मुद्रित केली. त्याच वर्षी बुखारेस्टमध्ये एनेस्कूच्या दोन व्हायोलिन सोनाटा खुद्द एनेस्कूच्या साथीने मुद्रित झाल्या. बखरकार पहिली नोंद वगळतात आणि दुसरी सांगतात. आम्ही येथे न्यायनिवाडा करण्यास बसलेलो नाही. एका २६ वर्षांच्या वादकाने त्या परिस्थितीत काय करावयास हवे होते हे दुरून सांगणे सोपे आहे. पण दोन्ही नोंदी एकाच दप्तरातल्या आहेत, आणि एक काढून दुसरी ठेवणे हे दप्तर राखणाऱ्याचे काम नव्हे.

१९४३ च्या सप्टेंबरमध्ये लिपात्ती आणि त्याची सहचरी मादलेन कांताकुझिनो, जी स्वतः उत्तम पियानोवादक होती व पुढे त्याची पत्नी झाली, अशी दोघे बुखारेस्ट सोडून निघाली आणि जिनिव्हास येऊन राहिली. तेथील संगीतविद्यालयात त्यास अध्यापकाची जागा मिळाली. ह्याच सुमारास अंगात अधूनमधून ताप राहू लागला. डॉक्टरांना बरेच दिवस निदान होईना. अखेर १९४७ साली हॉजकिनचा रोग, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, असे ठरले. आज हा रोग पुष्कळदा पूर्ण बरा होतो. त्या वेळी तो बरा करण्याचा उपाय नव्हता. म्हणजे ज्या चार वर्षांतील ध्वनिमुद्रिकांवर त्याची कीर्ती उभी आहे ती जवळजवळ सर्व वर्षे आजाराची होती.

ह्या ध्वनिमुद्रिकांमागे वॉल्टर लेग हा इंग्रज गृहस्थ होता. कोलंबिया छापाच्या तबकड्यांची निर्मिती तो पाहत असे, आणि १९४५ साली फिलहार्मोनिया नावाचा वाद्यवृंदही त्यानेच लंडनमध्ये उभा केला होता. ह्या वाद्यवृंदासह लिपात्तीने १९४७ साली ग्रीगचा कॉन्चेर्टो आणि १९४८ साली शूमानचा कॉन्चेर्टो मुद्रित केला; पहिल्याचा संचालक अल्चेओ गालिएरा, दुसऱ्याचा हर्बर्ट फॉन कारायान. कॉन्चेर्टो म्हणजे एक वादक आणि सबंध वाद्यवृंद ह्यांच्या संवादासाठी रचलेली मोठी कृती. येथे एक भारतीय धागाही आहे. म्हैसूरचे महाराज जयचामराज वाडियार ह्यांस तरुणपणी पियानोवादक व्हावयाचे होते. गादीचा भार आला आणि ते राहून गेले. १९४८ च्या सुमारास त्यांनी फिलहार्मोनियास भरघोस आर्थिक साहाय्य केले आणि मेट्नर ह्या रशियन संगीतकाराच्या ध्वनिमुद्रिका आपल्या खर्चाने काढविल्या. लिपात्तीच्या तबकड्यांना म्हैसूरचा पैसा लागला असे आम्हांस म्हणावयाचे नाही. परंतु ज्या वाद्यवृंदाच्या साथीने तो वाजला त्या वाद्यवृंदाच्या आरंभीच्या वर्षांना आपल्या देशातील एका रसिकाचा हातभार होता, हे म्हैसूरकडे बदलून गेलेल्या आमच्या वाचकांस ऐकून बरे वाटेल.

त्या वेळच्या मुद्रणाची तऱ्हा समजल्याशिवाय ह्या तबकड्यांचे मोल नीट कळणार नाही. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या मोठ्या तबकडीच्या एका बाजूवर चार, फार तर साडेचार मिनिटे मावत. आपल्याकडील ख्यालगायकांनाही ह्याहून लहान तबकडीवर तीन मिनिटांत राग आटोपावा लागे, हे जुन्या रसिकांस ठाऊक आहेच. अर्ध्या तासाचा कॉन्चेर्टो म्हणजे सात-आठ बाजू. प्रत्येक बाजू एका दमात वाजवावयाची. मेणाच्या थाळीवर ती कोरली जात असताना एक पट्टी चुकली तरी सबंध बाजू पुन्हा पहिल्यापासून. आज चुकलेला स्वर काढून त्याजागी चांगला बसविता येतो. त्या वेळी दुरुस्तीचा मार्ग एकच, पुन्हा वाजविणे. शूमानचा कॉन्चेर्टो ऐकताना सांधे कोठे आले असतील ते ओळखता येत नाही. दर चार मिनिटांनी थांबूनही रचनेचा श्वास तुटू न देणे ही केवळ हाताची करामत नव्हे. संपूर्ण रचना मनात एकसंध उभी असल्याशिवाय ते साधत नाही.

१९५० च्या उन्हाळ्यात कॉर्टिझोन हे तेव्हा अगदी नवे असलेले औषध त्यास देण्यात आले. औषध महाग होते. मित्रांनी व चाहत्यांनी त्याचा भार उचलला. रोग गेला नाही, पण काही आठवडे शक्ती आली. लेगने विलंब न करता मुद्रणाची यंत्रसामग्री आणि माणसे जिनिव्हास आणली, आणि जुलै महिन्यात तेथील नभोवाणीच्या स्टुडिओत काही दिवसांतच बाखची पहिली पार्टिटा, मोत्सार्टची ए मायनरमधील सोनाटा, बाखची स्तोत्रे आणि शोपँचे चौदा वॉल्ट्झ एवढे काम पुरे झाले. वॉल्ट्झ म्हणजे तीन मात्रांचे युरोपीय नृत्य. शोपँने त्यास नाचण्याऐवजी ऐकण्याची वस्तू केली. लिपात्तीने छापील क्रम बाजूस ठेवून हे चौदा तुकडे आपल्या मताने लावले. एका सुरातून दुसऱ्यात, उदासपणातून उल्हासात, मन सहज सरकत जावे अशी ती मांडणी आहे. शेवटी येतो तो ए फ्लॅटमधील भरघोस, दिवाणखान्यात झुंबरे पेटल्यासारखा वॉल्ट्झ.

कॉर्टिझोनचा गुण फार दिवस टिकला नाही. ऑगस्टमध्ये लुसर्न येथे कारायानच्या संचालनाखाली मोत्सार्टचा एक कॉन्चेर्टो त्याने वाजविला. नंतर १६ सप्टेंबर १९५० रोजी फ्रान्समधील बेझांसाँ गावच्या संगीतोत्सवात त्याची मैफल होती. प्रकृती पाहता डॉक्टरांचा विरोध होता. आपण शब्द दिला आहे, तो पाळला पाहिजे, एवढेच लिपात्तीचे म्हणणे होते. कार्यक्रम बहुतांशी जुलैतलाच : बाखची पार्टिटा, मोत्सार्टची सोनाटा, मध्ये शूबर्टच्या दोन रचना, आणि शेवटी चौदा वॉल्ट्झ. फ्रेंच नभोवाणीने ही मैफल ध्वनिमुद्रित केली, म्हणून ती आज आपणांस ऐकता येते. बाखचा पहिला स्वर लागण्यापूर्वी एक हलकी स्वरमाला ऐकू येते. वादक पट्ट्यांवरून हात फिरवून पाहतो आहे. स्टुडिओतील तबकडीवर असे काही उरत नाही. येथे मात्र माणूस खुर्चीवर येऊन बसलेला कळतो.

तेरा वॉल्ट्झ झाले. चौदावा, तो भरघोस, शेवटास ठेवलेला, त्यास वाजविता आला नाही. अंगात त्राणच उरले नव्हते. त्याऐवजी त्याने बाखचे तेच स्तोत्र वाजविले ज्याने १९३५ साली द्यूकांच्या स्मरणार्थ पॅरिसच्या मैफलीचा आरंभ केला होता. प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रिकेत हे स्तोत्र नाही. ते केवळ उपस्थितांच्या कानी राहिले. पुढे तीन महिन्यांच्या आत तो गेला.

जुलै आणि सप्टेंबर ह्या दोन ध्वनिमुद्रिका शेजारी ठेवून ऐकाव्यात असे आम्ही वाचकांस सुचवू. जुलैची तबकडी निर्दोष आहे. प्रत्येक स्वर आपल्या जागी, डाव्या हाताचा ठेका इतका अचूक की उजव्या हाताने वेळेशी कितीही लडिवाळपणा केला तरी तोल जात नाही. बेझांसाँच्या मुद्रणात आवाज कमी स्वच्छ आहे, कोठे कोठे स्वर निसटतात, पण मोत्सार्टच्या सोनाटाच्या संथ भागात एक निकड आहे जी जुलैत नव्हती. आख्यायिका सांगते की सप्टेंबरातील वादन म्हणजे विरक्ताचे शांत प्रयाण. आमच्या कानांस तसे वाटले नाही. हा माणूस निरोप घेत नाही. हाती घेतलेले काम पुरे करण्यासाठी धडपडतो आहे. चौदांपैकी तेरा झाले. जो ते ऐकेल त्यास ह्या वादकाची योग्यता समजावयास संतपणाची जोड लागणार नाही.

आता गहाळ पानांविषयी. लिपात्तीची बीथोव्हनच्या रचनेची एकही ध्वनिमुद्रिका नाही. त्यावरून असा समज रूढ झाला की त्या महापुरुषास हात लावण्याइतकी आपली तयारी नाही असे मानून तो आयुष्याच्या अखेरीपर्यंत बीथोव्हनपासून दूरच राहिला. संताच्या चित्रास हा विनय फार शोभतो. वस्तुस्थिती निराळी आहे. बीथोव्हनची 'वाल्डश्टाइन' सोनाटा १९३५ पासून त्याच्या मैफलीत होती, आणि मोठ्या सोनाटांपैकी तीच त्याने सर्वांत अधिक वेळा वाजविली. बीथोव्हनचा 'एम्परर' कॉन्चेर्टो त्याने १९४०-४१ च्या हंगामात बुखारेस्टमध्ये दोनदा वाजविला, आणि तो मुद्रित करण्याची तयारी १९४९ साली लेगपाशी दर्शविली. ते काम झाले नाही. फायलीत कागद नाही म्हणून ती गोष्ट घडलीच नाही असा निष्कर्ष काढणाऱ्या नवशिक्या कारकुनास साहेब जे ऐकवितात, तेच येथे पुष्कळ रसिकांस ऐकवावेसे वाटते.

आणि शेवटी एक कागद असाही, जो दप्तरात होता पण त्यावरची सही चुकीची होती. लिपात्तीच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी शोपँच्या ई मायनरमधील कॉन्चेर्टोची ध्वनिमुद्रिका त्याच्या नावाने बाजारात आली. ती ऐकली गेली, वाखाणली गेली. १९८१ साली उघडकीस आले की ते वादन लिपात्तीचे नव्हेच. ते हालिना चेर्नी-स्तेफान्स्का ह्या पोलिश वादिकेचे होते. १९४९ च्या वॉर्सा येथील शोपँ स्पर्धेत पहिल्या पारितोषिकाची वाटेकरीण झालेली ही कलावती काही सामान्य नव्हे. पुढे शोध घेता लिपात्तीने १९५० च्या फेब्रुवारीत झ्यूरिक येथे ओटो आकरमानच्या संचालनाखाली वाजविलेल्या त्याच कॉन्चेर्टोचे खरे मुद्रण सापडले व प्रसिद्ध झाले.

ह्या प्रकरणात लिपात्तीची हानी झाली असे कोणी म्हणत असे. आम्हांस ती चेर्नी-स्तेफान्स्काबाईंची झालेली दिसते. टिपण एकाने रात्र जागून तयार करावे आणि त्याखाली दुसऱ्याचे नाव पडावे, हा अनुभव आमच्या वाचकांपैकी कोणास नवा आहे? त्या दुसऱ्याचा काही दोष नसतो. येथे तर तो हयातही नव्हता. परंतु तबकडीवरील नाव वाचून मग कान उघडणाऱ्या श्रोत्याने त्या बाईंच्या हातातील गुण मृत माणसाच्या पुण्याईच्या खाती जमा केला. अस्सल कागदही तपासून घ्यावा लागतो, आणि तो तपासताना दोन माणसांना न्याय मिळतो : ज्याचे नाव खोडले जाते त्याला, आणि ज्याचे लिहिले जाते त्यालाही.

लिपात्ती १९४३ नंतर बुखारेस्टला परतला नाही. बदलीच्या हुकमावर मुलखाबाहेर राहणाऱ्या आम्हां लोकांना निदान रजा आहे, निवृत्ती आहे, परतीचे तिकीट आहे. त्यास ते नव्हते. जिनिव्हाजवळील शेन-बूर गावच्या दफनभूमीत त्याची समाधी आहे. पुढे मादलेनही त्याच्याच शेजारी विसावली. त्याने मागे ठेवलेल्या दप्तरात एक बर्लिनचा कागद आहे, एक बीथोव्हनचे गहाळ पान आहे, एक परक्याचा कागद चुकून येऊन पडला होता तो आता काढून मूळ मालकिणीस परत केलेला आहे. उरले ते चौदा वॉल्ट्झ, जुलैचे, आणि तेरा, सप्टेंबरचे. दोन्ही संच आज कोठेही, अगदी खिशातील यंत्रावरही, मिळतात. प्रथम जुलैचा ऐकावा, म्हणजे चौदावा वॉल्ट्झ कसा आहे ते कळेल. मग सप्टेंबरचा ऐकावा. तेरावा संपल्यावर जी शांतता होते, ती ऐकून मगच यंत्र बंद करावे.